ढोराच्या मांसाचे तीन वाटेकरी

केंदूरला वस्तीतल्या पोरांबरोबर आमचा अभ्यासवर्ग होता. विषय महाडचा. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं मागू नका असं का सांगितलं, यावर बोलणं चाललं होतं. मागे बसलेला एक पोरगा मध्येच म्हणाला, "दादा, मग तेच मांस आता कुत्र्याला नैसर्गिक आहार म्हणून देतात, त्याचं काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

पोरगा पुण्यात घरपोच सामान पोहोचवायचं काम करतो. त्या दिवशी त्याच्याकडे थर्माकोलचा खोका होता. आत गोठवलेलं मांस: काळीज, वजडी, फुफ्फुस, कोंबडीच्या माना, सगळं कच्चं, बारीक करून पिशव्यांत भरलेलं. पिशवीवर कुत्र्याचं चित्र. घेणाऱ्या बाईंनी त्याला आपुलकीनंच सांगितलं की आमच्या ब्रूनोचं पाकिटातलं खाणं आम्ही बंद केलं, आता लांडगा जंगलात खातो तसं देतो. परत निघताना वॉचमननं पोराला सामानाच्या लिफ्टकडे पिटाळलं. ब्रूनो माणसांच्या लिफ्टनं खाली फिरायला चालला होता.

"माझ्या पणजीनं हेच खाल्लं म्हणून आपण अस्पृश्य," पोरगा म्हणाला. "ब्रूनो खातो तर नॅचरल. असं कसं?"

आता कुणी हसलं नाही. त्या रात्री आम्हाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या बाईंच्या वादाचं बघू. कुत्र्या-मांजराला कच्चं मांस द्यावं की कंपनीचं पाकीट, यावर शहरात घरोघरी भांडणं आहेत. कच्च्या मांसाची टूम ऑस्ट्रेलियातल्या इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यानं १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकापासून जगभर पसरली. म्हणणं असं की कुत्रा मुळात लांडगा, त्याला कच्चं मांस आणि हाडं हेच मानवतं, धान्य मानवत नाही. ऐकायला बरोबर वाटतं, पण अर्धंच खरं आहे. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या कितीतरी पटींनी वाढल्या आहेत. म्हणजे माणसाच्या दारात राहून, माणसाची भाकरी खाऊन कुत्र्याचं शरीरच बदललं. कुत्र्याच्या पोटात शेतीचा इतिहास लिहिलेला आहे. मांजराचं तसं नाही. ते पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळवावा लागतो. आणि इथं कंपन्यांनीही शहाणपणा मिरवू नये. पाकिटातल्या खाण्यात टॉरिन कमी पडून मांजरं हृदयविकारानं मरत होती, हे १९८७ साली अमेरिकेत उघड झालं. २००७ मध्ये तिथंच मेलामाइन मिसळलेल्या कच्च्या मालामुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली.

कच्च्याचाही धोका आपल्या राज्यात दिसला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला आणि संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. शिरूर तालुक्यात तर मेंढरं खूप. मेंढराचं पाण्याच्या गाठी असलेलं काळीज-फुफ्फुस कुत्र्यानं कच्चं खाल्लं, तर त्याच्या पोटात बारीक फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. हे पुण्याच्या फ्लॅटपेक्षा धनगरवाड्यावर आणि आपल्या वस्तीत जास्त घडण्यासारखं आहे.

तर विज्ञानाचा निकाल एवढाच की दोन्ही बाजू आपापल्या जागी उघड्या पडतात. पण पोराचा प्रश्न विज्ञानाचा नव्हता. एकच मांस एकाला विटाळ आणि दुसऱ्याला आहार कसं होतं, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी लांडग्याच्या जंगलात जाऊन भागत नाही. गावाच्या हाडोळ्यात जावं लागतं.

हाडकी-हाडोळा हा शब्द नव्या पोरांना माहीत नसतो. गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम महारांचं. त्या चाकरीपोटी मिळालेली जमीन म्हणजे हाडकी-हाडोळा. नावातच हाडं. गावात बैल मेला की सांगावा यायचा, दोरखंड घेऊन माणसं जायची, शिवेबाहेर ओढत न्यायची. कातडं काही ठिकाणी मालकाला परत, काही ठिकाणी महाराला, जसा गावचा रिवाज. मांस मात्र आपलं. ओलं शिजवायचं, उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या पावसाळ्यात, दुष्काळात पोट भरायच्या. दया पवारांनी 'बलुतं' १९७८ साली छापलं तेव्हा पांढरपेशा वाचकाला हे पहिल्यांदा कळलं आणि त्याला मळमळलं. आपल्या आज्यांना मळमळायची सोय नव्हती.

त्या हाडोळ्यात तीन वाटेकरी जमायचे. वरून गिधाडं, कडेनं कुत्री आणि मध्ये सुऱ्या घेतलेले आपण. आभाळात गिधाडं फिरताना दिसली की कुठंतरी ढोर पडलंय हे कळायचं, म्हणजे वार्ताहरही तीच. मग घाई. गिधाडांच्या आधी पोहोचायचं, कुत्र्यांना हाकलायचं. हे कच्चं मांस कुणी कुणाला 'आहार' म्हणून वाढलेलं नव्हतं. गावाला नको असलेली गोष्ट ज्यांच्याकडे फेकली जाई त्या तिघांची ही पंगत होती, आणि त्यातला एक वाटेकरी माणूस होता.

भाकरीचंही तेच. येसकर संध्याकाळी घुंगुरकाठी वाजवत दारोदार जायचा. दिवसभर गावची चाकरी केली त्याची ती मजुरी, पण घातली जायची भिकेसारखी, वरून, शिवू न देता. काठीच्या आवाजानं गावची कुत्री भुंकत मागे लागायची, कारण त्या शिळ्या तुकड्यावर त्यांचाही डोळा असायचा. माणसाची मजुरी आणि कुत्र्याचा तुकडा एकाच टोपलीतून निघत होता. बावन्न हक्क, बावन्न हक्क म्हणून ज्याचं कौतुक सांगतात, त्यातले कितीतरी हक्क असे कुत्र्याशी वाटून घ्यायचे होते.

केंदूर हे वारकरी संत कान्हूराज पाठक यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कीर्तनांत नामदेवांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. गोष्ट सुंदर आहे, आम्हाला तिची चेष्टा करायची नाही. पण त्याच परंपरेतले चोखोबा आपल्या जोहाराच्या अभंगांत उष्ट्यासाठी आलोय असं म्हणतात. कुत्र्याला पोळीवर तूप आणि चोखोबाला पायरी. नामदेवांनी चोखोबाला जवळ केलं, हे खरं. गावानं केलं नाही, हेही खरं. कीर्तनकार पहिली गोष्ट रंगवून सांगतात, दुसरी भक्ती म्हणून सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून सांगणारा कीर्तनकार आम्हाला अजून भेटायचा आहे.

हे सगळं आपोआप घडलं नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, एक्कावन्न-बावन्न या श्लोकांत चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं, फुटकी भांडी वापरावीत आणि त्यांचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं असावीत, असा दंडक आहे. श्वपच म्हणजे कुत्रं शिजवणारा. म्हणजे आपली ओळखच कुत्र्याला जोडून ठरवलेली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा ही सोयरीकही जळाली.

गोरा साहेब आला तरी वाटणी बदलली नाही. पुणे-खडकीच्या छावण्यांत साहेबाची विलायती कुत्री होती. त्यांना सांभाळणाऱ्याला 'डोरिया' म्हणत. हा शब्द १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन शब्दकोशात नोंदला आहे. बंगल्यातले वरच्या जातीचे नोकर कुत्र्याला आणि त्याच्या भांड्याला हात लावायला नाखूष, म्हणून हे काम बहुधा झाडूवाल्याच्या वाट्याला यायचं. साहेबाचं कुत्रं दिवाणखान्यात बसायचं, त्याला भरवणारा दाराबाहेर. आजच्या सोसायटीतल्या लिफ्टची ही आजी.

आता महाड. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आपल्या या शिरूर-हवेलीच्या पट्ट्यात, भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी आले होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ आणि २० मार्चला महाडची परिषद झाली. चवदार तळ्याची आठवण सगळ्यांना आहे. जनावरं तिथं पाणी पिऊ शकत, कुत्रं पिऊ शके, आपण नाही. पाण्याला हात लावायच्या आधी बाबासाहेबांनी ताटाला हात घातला होता, याची आठवण मात्र कमी. मेलेलं ढोर खाऊ नका, उष्टं घेऊ नका. आम्हाला वाटतं, तळ्यापेक्षाही हे अवघड होतं. तळ्यावर एक दिवस जायचं होतं, ताट रोजचं होतं. पोटातली भूक तीच, जमीन तेवढीच, आणि समोर फुकटचं मांस. ते नाकारायचं.

काही जण या नाकारण्याला संस्कृतीकरण म्हणतात. म्हणजे वरच्या जातींची नक्कल करून पवित्र व्हायची धडपड. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही हा शब्द घोकला आहे. इथं तो बसत नाही. बाबासाहेबांचं म्हणणं मांस वाईट आहे असं नव्हतं. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी ब्राह्मण स्वतः गोमांस खात होते हेच पुराव्यांनी मांडलं. त्यांचा आक्षेप ते मांस ज्या रीतीनं मिळत होतं तिच्यावर होता: फेकलेलं, लादलेलं, चाकरीला बांधलेलं. बकरं कापून खाणं आणि गावानं फेकलेलं खाणं यांत पोषणाचा फरक थोडा असेल, माणूसपणाचा फार आहे.

गावाला हे लगेच कळलं, म्हणून गाव चिडलं. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी जुनी आठवण सांगितली. 'केसरी'त हिशेब आला होता की गावात वर्षाला पन्नास जनावरं मरतात, त्यांची कातडी, शिंगं, हाडं, मांस यांतून पाचशे रुपये मिळतात आणि हे पुढारी आपल्याच लोकांना त्या पैशाला मुकवतात. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की मग हे काम तुम्हीच करा, ते पाचशेही तुम्हीच घ्या, वर आणखी पाचशे मी पदरचे देतो. पुढे कुणी आलं नाही. येणार तरी कोण?

हाडोळ्याच्या पंगतीतून आपण उठलो ते असे. एका दिवसात नव्हे. काही गावं १९२७ नंतर लगेच, काही १९५६ नंतर, काही ठिकाणी बहिष्कार सोसून. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानं चाकरीची कायदेशीर दोरी तुटली. (वतनाच्या जमिनींचं पुढे काय झालं हा वेगळा लेख होईल. ढोरं ओढण्यासारख्या चाकऱ्यांपोटी मिळालेल्या या जमिनी आता शहराच्या पोटात कोट्यवधींच्या झाल्या. मुंढव्यातल्या सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये गाजला तो सगळ्यांनी वाचला आहे. वतनदारांची नातवंडं त्याच भागात खोके पोहोचवत फिरतात.)

आपण उठल्यावर हाडोळ्यात दोन वाटेकरी उरले, गिधाडं आणि कुत्री. १९९० च्या दशकात गिधाडंही गेली. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या ढोरात उरायचा, ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी आली, पण तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. राहिली कुत्री. ढोरांचं सगळं मांस त्यांचं झालं. गिधाडं गेल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि जवळपास ४८ हजार माणसं जास्तीची रेबीजनं मेली, असा अंदाज २००८ च्या एका अभ्यासानं मांडला. त्या अभ्यासात मेलेल्यांची जात नाही. पण पहाटे कचरा वेचायला कोण बाहेर पडतं, उघड्यावर कोण झोपतं, कुत्रं चावल्यावर लशीचे सगळे डोस घ्यायला तालुक्याला पाच खेपा मारताना कुणाची मजुरी बुडते, हे विचारलं की अंदाज येतो.

आणि जे अजून त्या पंगतीत पोटासाठी अडकले आहेत त्यांचं काय होतं? १५ ऑक्टोबर २००२ ला, नागपूरच्या त्या भाषणाच्या तारखेलाच, हरियाणात झज्जरजवळ दुलिना इथं कातडी काढल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावानं ठार मारलं. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईची कातडी काढणाऱ्या दलितांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर गुजरातच्या बांधवांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मेलेली ढोरं नेऊन टाकली. तुमची आई, तुम्हीच उचला. महाडचं उत्तर ८९ वर्षांनी गुजरातीत दिलं गेलं.

आता त्या पाकिटाकडे येऊ, कारण कच्च्या मांसाचा इतिहास सांगून पाकिटाला सोडलं तर अन्याय होईल. कुत्र्याचं विकत मिळणारं खाणं सुरू झालं लंडनमध्ये, १८६० च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट या अमेरिकनानं धक्क्यावरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना पाहिली आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे निघाले, कारण पहिल्या महायुद्धानंतर आणि मोटारगाड्या आल्यावर घोडे नकोसे झाले होते. १९५७ मध्ये न्याहारीचे कुरकुरीत पदार्थ फुलवायच्या यंत्रातून कुत्र्याच्या गोळ्या काढल्या गेल्या. त्याच गोळ्यांना आपल्या गावात सगळे 'पेडिग्री' म्हणतात, कंपनी कोणतीही असो. प्रत्येक टप्प्याला माणसाला नको असलेलं काहीतरी होतं: खाटीकखान्यातलं उरलेलं, गिरणीतला कोंडा, निकामी घोडे. हाडोळाच, फक्त कारखान्यात.

भारतात त्या गोळ्यांनी आणखी एक काम केलं, ते विलायतेत करावं लागलं नव्हतं. त्यांनी मांस अदृश्य केलं. ज्या घरात अंडंही चालत नाही, ज्या सोसायटीत मांस खाणाऱ्याला घर भाड्यानं मिळत नाही, त्याच घरात कोंबडीचं आणि हाडांचं पीठ घातलेली पोती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी असतात. गोळी तपकिरी, कोरडी, रक्त नाही, हाड नाही. बोटाला लागलं तर विटाळ होत नाही. ते जनावर कुणी कापलं, आतडी कुणी धुतली, हाडं कुणी उकळली, तो कामगार कुरेशी होता, खाटीक होता की आपल्यातला, काही दिसत नाही. काही घरं तर पुढे जाऊन कुत्र्या-मांजराला शाकाहारी करायला निघतात. कुत्रं एक वेळ तगेल, मांजर आंधळं होईल किंवा मरेल. सोवळ्यासाठी मुक्या जनावराला उपाशी मारणं ही कसली जीवदया?

कायद्यानंही हीच वाटणी पक्की केली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद. मांस जवळ बाळगणंही गुन्हा. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. बंदी आल्या आल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पिंजऱ्यातल्या वाघ-सिंहांचं गोमांस बंद होऊन त्यांना कोंबडी द्यावी लागल्याच्या बातम्या होत्या. वाघाला काय मानवतं हे निसर्गानं ठरवलेलं, पण त्याच्या ताटात काय पडेल ते विधानसभेनं ठरवलं. वाघांची चर्चा झाली. स्वस्तातलं प्रथिन गेल्यानं आपल्या वस्त्यांच्या ताटात काय उरलं याची तेवढी झाली नाही.

म्हणून पोराला आमचं उत्तर असं. तुझ्या पणजीचं मांस विटाळ ठरलं ते मांसामुळे नाही. ते तिला नाकारता येत नव्हतं म्हणून. ब्रूनोचं मांस आहार ठरतं, कारण मधे दुकान आहे, पावती आहे, निवडणारी मालकीण आहे. पैशानं विकत घेतलं की तेच काळीज शुद्ध. निवडायचा हक्क ज्याच्या हातात, शुद्धता त्याच्या ताटात. महाडला आपण तोच हक्क हातात घेतला होता.

इथं आपल्याच चळवळीतले काही मित्र म्हणतील, माणसांवर अत्याचार चाललेत आणि तुम्ही कुत्र्याच्या थाळीवर लिहिताय. किंवा असंही म्हणतील की कुत्रीप्रेम हे सवर्णांचं खूळ. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना ऐकवलं होतं की जिथं आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागवलं जातं ती भूमी आमची मायभूमी कशी? ही आठवण आपण भाषणांत नेहमी देतो. पण एक फोटोही आहे. फेब्रुवारी १९३४, राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव. आणि त्यांच्यात बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. गांधींना ते ऐकवून अडीच वर्षं झाली होती आणि माणूस कुटुंबाच्या फोटोत कुत्र्याला घेऊन बसला आहे. त्यांचा राग कुत्र्यावर कधीच नव्हता. कुत्र्याला माया मिळते याचं दुःख नव्हतं, माणसाला मिळत नाही याचं होतं. आपल्यातले काही जण हे वाक्य वापरून रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारतात तेव्हा त्यांनी हा फोटो बघावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतली भटकी कुत्री उचलून कोंडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला आणि काही दिवसांत तो बदलला. टीव्हीवर दोन तट पडले. आम्हाला तेव्हा कुक्कुर जातक आठवलं, जातकांतलं बाविसावं. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी पट्टे पावसात भिजले आणि रात्रीत कुत्र्यांनी खाल्ले. सेवकांनी सांगितलं, बाहेरची कुत्री गटारातून आत आली. राजानं हुकूम दिला, दिसेल ते कुत्रं मारा. राजवाड्यातली जातिवंत कुत्री तेवढी वगळून. त्या जन्मी बोधिसत्त्व स्मशानात राहणारं कुत्रं होता. तो राजाकडे गेला आणि विचारलं, सगळी मारायची तर वाड्यातली का नाही? मग ताकात गवत कालवून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावलं, तर त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. कच्चं कातडं खाल्लं होतं वाड्यातल्यांनी, मरत होती स्मशानातली. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत ही गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपण कुत्र्यांच्या प्रश्नावर कधी प्राणिमित्रांच्या, कधी महापालिकेच्या मागे फरफटत जातो.

आपल्या तालुक्यात प्रश्न आणखी गुंतला आहे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकतात, चिकनच्या टपरीमागे आतडी पडतात, त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागे उसातून बिबट्या येतो. अकोल्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनानं सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्याला कुत्रं मिळालं नाही तर कडेच्या वस्तीतलं, कोप्यांतलं पोर बाहेर असतं. ग्रामसभेत 'कुत्र्यांचा बंदोबस्त करा' असा ठराव होतो. 'कोंबड्या खड्डा खणून पुरा, नाहीतर दंड' असा ठराव व्हायला हवा. पोल्ट्री ज्याची, तो ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसलेला असतो, म्हणून होत नाही. पुढच्या ग्रामसभेला तो ठराव वस्तीतर्फे लेखी द्यायचा असं पोरांशी बोलून ठरलं आहे. मसुदा आम्ही करतोय.

त्या पोरानं वस्तीत एक कुत्री पाळली आहे, हे आम्हाला नंतर कळलं. पुण्यातला खोका पाहून त्याच्या मनात आलं होतं, आपल्या कुत्रीला आपण भाकरी घालतो, ती चुकतंय का? चुकत नाही. बाजरीची भाकरी, भात, त्यात उकडलेलं अंडं, आणि खाटकाकडचं फुफ्फुस-काळीज आणलं तर ते चांगलं शिजवून. कच्चं नाही, त्या पाण्याच्या गाठींमुळे. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या चिरफळ्या आतड्यात घुसतात. कांदा-लसूण नको. पोती विकत आणायची गरज नाही. मांजर असेल तर त्याला रोज मासळी किंवा मांस लागणारच, नुसत्या दूध-भातावर ते जगत नाही. जंताचं औषध आणि वर्षाला रेबीजची लस. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि तिथं 'औषध संपलंय' म्हणाले तर लेखी मागायचं.

एवढं बोलेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. महाडचा विषय अर्धाच राहिला, तो पुढच्या रविवारी.